इंटरनेट सगळीकडे चालतंय पण घरातले कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत, तर शोधायला सुरुवात कुठून करायची

प्रश्न थोडक्यात असा: घरात विंडोज ११ चा लॅपटॉप, एक मॅकबुक आणि जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू, तिन्हीवर इंटरनेट व्यवस्थित. उबुंटूवर सांबा (लिनक्सवरून विंडोजच्या पद्धतीने फाइली शेअर करणारा प्रोग्राम) टाकून एक फोल्डर शेअर केलंय. मॅकच्या फाइंडरमधे उबुंटू दिसतो पण विंडोज दिसत नाही, विंडोजच्या नेटवर्कमधे तर कुणीच दिसत नाही. जोडायला गेलं की कधी पासवर्ड चुकीचा म्हणतो, कधी भलताच मेसेज येतो. जोडलं गेलंच तर मोठी फाइल कॉपी व्हायला जन्म जातो. आणि मॅकच्या जुन्या एक्स्टर्नल डिस्कवरून उबुंटूवर आणलेल्या काही फाइली त्याच नावाने दोनदा दिसतात. कुणीतरी सांगितलंय की फायरवॉल बंद करा आणि एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली शेअर करायच्या पद्धतीची सगळ्यात जुनी आवृत्ती) चालू करा, तर करू का?

नका करू. दोन्ही नका करू.

एसएमबी १ चा सल्ला अगदीच हवेतून आलेला नाहीये. पूर्वी विंडोजमधे आजूबाजूच्या कॉम्प्युटरची यादी बनवणारी जी सर्व्हिस होती ती एसएमबी १ वर अवलंबून होती, त्यामुळे ते चालू केलं की यादी भरायची आणि लोकांना वाटायचं प्रॉब्लेम सुटला. पण मे २०१७ मधे वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरससारखं प्रकरण पसरलं ते याच एसएमबी १ मधल्या भोकातून, मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच दोन महिने आधी मार्चमधे देऊनही, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलमधून ते काढून टाकायला सुरुवात झाली. सांबानेही ४.११ पासून ते डिफॉल्टने बंद केलंय. तुमची तिन्ही मशीन एसएमबी २ आणि ३ उत्तम बोलतात, मॅक तर २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून. फक्त यादीत नाव दिसावं म्हणून घरातल्या सगळ्या फाइली धोक्यात घालण्यात काही अर्थ नाही. फायरवॉलचंही तेच. टेस्ट म्हणून लोक बंद करतात, शेअर चालू होतं, मग ते बंदच राहतं, आणि तोच लॅपटॉप पुढे दुसऱ्या कुठल्यातरी वायफायला जोडला जातो.

आता मुद्द्याचं. मी घरची आणि छोट्या ऑफिसची नेटवर्कं लावण्याचंच काम करतो आणि असल्या तक्रारींत जवळजवळ प्रत्येक वेळी तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. एक म्हणजे दुसरा कॉम्प्युटर यादीत दिसणं, दुसरी त्याच्यापर्यंत पोचता येणं आणि तिसरी आत शिरता येणं. या तिन्ही वेगवेगळ्या यंत्रणांवर चालतात, एक बिघडली म्हणून दुसरी बिघडत नाही, आणि पहिलीतला प्रॉब्लेम सोडवायला तिसरीतली सेटिंगं बदलली की अर्ध्या तासात अशी अवस्था होते की मूळ काय होतं तेच आठवत नाही. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावायच्या आधी नक्की कुठे तुटतंय ते शोधायचं, आणि शोधताना दिसण्याचा भाग शेवटी ठेवायचा कारण तो सगळ्यात बेभरवशाचा आहे आणि खरं सांगायचं तर त्याच्याशिवायही सगळं काम चालतं.

पोचण्यापासून सुरू करू. तिन्ही मशीनचे आयपी अॅड्रेस कागदावर लिहा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमधे आयपीकॉन्फिग, उबुंटूवर आयपी अॅडर, मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधे वायफायच्या डिटेल्समधे. बऱ्याचदा नुसतं एवढं केलं तरी उत्तर समोर येतं. एखाद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा अॅड्रेस असेल तर त्याला राउटरकडून अॅड्रेस मिळालेलाच नाही, त्याने स्वतःच एक घेतलाय. तुमच्याकडे सगळीकडे इंटरनेट चालतंय म्हणजे ते नसावं, पण एखाद्या मशीनवर केबल आणि वायफाय दोन्ही लावलेलं असेल तर एकावर असं होऊ शकतं. विंडोजवर व्हर्च्युअल मशीन किंवा लिनक्सची सबसिस्टिम टाकली असेल तर यादीत १७२ वाले जास्तीचे अॅड्रेस दिसतील, तेही सोडून द्या, जे खऱ्या वायफाय किंवा इथरनेट कार्डाखाली लिहिलंय तेवढंच घ्या.

मग पहिले तीन आकडे सारखे आहेत का बघा. सगळ्यांचे १९२.१६८.१ असतील तर छान. एकाचे १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचे १९२.१६८.० असतील तर घरात दोन राउटर आहेत, एक इंटरनेटवाल्यांनी दिलेला आणि दुसरा तुम्ही रेंज वाढावी म्हणून मागून लावलेला, आणि दोघंही स्वतःला मालक समजून आपापलं वेगळं नेटवर्क चालवतायत. याची एक खूण पक्की लक्षात ठेवा: आतल्या राउटरवरच्या मशीनवरून बाहेरच्या राउटरवरचं मशीन उघडतं, पण उलट्या बाजूने अजिबात उघडत नाही. एका दिशेनं चालतंय आणि दुसऱ्या दिशेनं नाही असं ऐकलं की मी आधी राउटर किती आहेत ते विचारतो. उपाय सोपा आहे, दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमधे जाऊन त्याला अॅक्सेस पॉइंट मोडमधे टाका. तो पर्याय नसेल तर त्याचा स्वतःचा अॅड्रेस पहिल्याच्या रांगेतला पण कुणाचा नसलेला असा द्या, त्याची डीएचसीपी, म्हणजे मशीनना आपोआप आयपी वाटणारी सोय, बंद करा आणि पहिल्या राउटरकडून आलेली केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टमधून काढून लॅन (घरातल्या मशीनच्या) पोर्टमधे लावा. झालं, दोन्हीचं मिळून एकच नेटवर्क.

आकडे सारखे असूनही पोचत नसेल तर पिंग करून बघा, म्हणजे पिंग आणि पुढे आयपी अशी कमांड देऊन समोरच्याला हाक मारून बघा, पण पिंगचं उत्तर वाचायला शिकलं पाहिजे नाहीतर ते फसवतं. विंडोज डिफॉल्टने बाहेरून आलेल्या पिंगला उत्तर देतंच असं नाही, फाइल शेअरिंगचा फायरवॉल नियम चालू असेल तरच देतं, त्यामुळे विंडोजला पिंग केलं आणि काही आलं नाही तर तो मेलाय असं समजायचं नाही. आणि विंडोजवरून दुसऱ्याला पिंग करताना मेसेज कुठला येतो ते नीट बघा. रिक्वेस्ट टाइम्ड आउट म्हणजे समोरचा असू शकतो पण गप्प बसलाय. डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल आलं आणि तेही रिप्लाय फ्रॉम करून स्वतःच्याच आयपीवरून आलं, तर आपल्या मशीनने नेटवर्कवर विचारलं की हा अॅड्रेस कुणाचा आणि कुणीच हात वर केला नाही. गंमत म्हणजे विंडोज खालच्या हिशेबात या उत्तरांनाही मिळालेली पाकिटं म्हणून मोजतं आणि लॉस शून्य टक्के दाखवतं, त्यामुळे नुसता शेवटचा आकडा बघून सगळं ठीक आहे असं समजणारे खूप भेटतात.

याहून भारी युक्ती सांगतो. पिंग केल्यावर लगेच एआरपी -ए ही कमांड द्या, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालते, उबुंटूवर आयपी नेबर. समोरच्याच्या आयपीपुढे त्याचा मॅक अॅड्रेस आला असेल, म्हणजे ती कोलनने किंवा आडव्या रेघेने तोडलेल्या सहा जोड्यांची ओळ (याचा अॅपलच्या मॅकशी संबंध नाही, हा प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर), तर तुमचं मशीन त्याच्यापर्यंत पोचलंय, पिंगला उत्तर आलेलं नसलं तरी. मग केबल, वायफाय, राउटर या सगळ्यांवरचा संशय सोडून द्या आणि फायरवॉलकडे वळा. तिथे काहीच आलं नाही, किंवा उबुंटूवर फेल्ड लिहून आलं, तर फायरवॉलमधे डोकं घालू नका, कारण ही विचारपूस फायरवॉलच्या खालच्या थरावर होते आणि नेहमीची फायरवॉल ती अडवत नाही. अशा वेळी दोनच गोष्टी बघायच्या. एक, कुठलं मशीन राउटरच्या गेस्ट वायफायवर बसलंय का, कारण गेस्टवाल्यांना इंटरनेट मिळतं पण घरातलं काही दिसू द्यायचं नाही हाच त्याचा उद्देश असतो. दोन, राउटरमधे एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाचं बटण चालू आहे का. ते चालू असेल तर वायफायवरची मशीन एकमेकांशी बोलू शकत नाहीत पण इंटरनेट सगळ्यांचं झकास चालतं, आणि म्हणूनच त्याच्यावर कुणाला संशय येत नाही.

अजून एक, ऑफिसचं किंवा कुठलंही व्हीपीएन चालू असेल तर टेस्ट करताना बंद करा. कितीतरी व्हीपीएन घरातल्या नेटवर्कचा रस्ताच तोडतात आणि वर दिसतं सगळं जोडलेलं.

इथपर्यंत ठीक असेल तर आता पोर्ट, म्हणजे राउटरमागची भोकं नव्हेत, तर मशीनमधला तो नंबरचा दरवाजा ज्यातून एखादी सर्व्हिस बोलते. फाइल शेअरिंग पोर्ट ४४५ वर चालतं, बाकी १३७ ते १३९ हे जुन्या काळचे, त्यांची तुम्हाला गरज नाही. विंडोजवर पॉवरशेलमधे टेस्ट-नेटकनेक्शन, पुढे समोरच्याचा आयपी, मग -पोर्ट ४४५. मॅक आणि उबुंटूवर एनसी -व्हीझेड, मग आयपी, मग ४४५. इथेही उत्तराचा प्रकार महत्त्वाचा. लगेच रिफ्यूज्ड आलं तर मशीनपर्यंत तुम्ही पोचलात पण तिथे ऐकायला कुणी बसलेलं नाही, म्हणजे उबुंटूवर सांबा चालूच नाहीये किंवा मॅकवर फाइल शेअरिंग ऑन केलेलं नाहीये. बराच वेळ थांबून टाइमआउट झालं तर मधे फायरवॉल पाकीट गिळतोय. विंडोजचा फायरवॉल गिळणाऱ्यातला आहे, तो नाही सुद्धा म्हणत नाही.

विंडोजवर हे गिळणं नव्वद टक्के वेळा एकाच कारणाने, नेटवर्क पब्लिक म्हणून नोंदलेलं असतं. सेटिंग्जमधे नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे तुमच्या वायफायच्या प्रॉपर्टीज, तिथे प्रायव्हेट करा. मग अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमधे प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. पब्लिकखाली दोन्ही बंदच राहू देत. राउटर बदलला किंवा वायफायचं नाव बदललं की विंडोजच्या दृष्टीने ते नवं नेटवर्क असतं आणि परत पब्लिकवर जातं, काल चालत होतं आज नाही याच्या मागे हे खूपदा असतं. बाहेरचा अँटिव्हायरस टाकलेला असेल तर त्याचा स्वतःचा फायरवॉल वेगळा असतो आणि त्यात हेच नेटवर्क वेगळं ट्रस्टेड करावं लागतं, तिकडे लोकांचं लक्षच जात नाही. उबुंटूवर यूएफडब्ल्यू, म्हणजे त्याचा स्वतःचा फायरवॉल, मुळात बंद असतो, तुम्ही चालू केला असेल तर सुडो यूएफडब्ल्यू अलाव सांबा एवढं पुरतं.

पोर्ट उघडं आहे म्हटल्यावर नाव वगैरे सोडून थेट आयपीने जोडून बघा. विंडोजवर फाइल एक्सप्लोररच्या अॅड्रेस पट्टीत \\१९२.१६८.१.२३ असं, मॅकवर फाइंडरमधे गो मेनूतून कनेक्ट टू सर्व्हर घेऊन एसएमबी://१९२.१६८.१.२३ असं. यूझरनेम पासवर्डची खिडकी आली की समजा पोचण्याचा भाग संपला, आता आत शिरण्याचा सुरू.

आणि इथेच तुमचा तो भलता मेसेज. तुम्ही अक्षरशः लिहिलेला नाहीये पण माझी खात्री आहे की त्यात तुमच्या ऑर्गनायझेशनची सिक्युरिटी पॉलिसी अनऑथेंटिकेटेड गेस्ट अॅक्सेस अडवते असं काहीतरी होतं, आणि घरच्या लॅपटॉपवर कुठली आली ऑर्गनायझेशन म्हणून माणूस चक्रावतो. होतं असं की उबुंटूच्या सांबाच्या मूळ कॉन्फिगमधे मॅप टू गेस्ट = बॅड यूझर अशी एक ओळ असते, तिचा अर्थ अनोळखी यूझरनेम आलं तर त्याला नकार देऊ नका, पाहुणा म्हणून आत घ्या. विंडोज तुम्हाला काही विचारायच्या आधीच तुमचं विंडोजचं यूझरनेम पाठवून बघतं, सांबाला ते माहीत नसतं, तो म्हणतो पाहुणा म्हणून या, आणि विंडोज ११ प्रो २४एच२ पासून पाहुणा म्हणून जायला नकार देतं. म्हणजे खरी चूक यूझरनेमची आणि मेसेज पॉलिसीचा. इंटरनेटवर यावर विंडोजमधे गेस्ट अॅक्सेस परत चालू करायचा उपाय मिळेल, तो करू नका. त्याऐवजी सांबाच्या कॉन्फिगमधे त्या ओळीत बॅड यूझरच्या जागी नेव्हर लिहा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, आता विंडोज सरळ यूझरनेम पासवर्ड विचारेल. कॉन्फिग बदलल्यावर टेस्टपार्म चालवायची सवय लावा, स्पेलिंग चुकलं असेल तर ते तिथेच सांगतं.

पासवर्ड बरोबर असून चुकीचा म्हणण्याची कारणं प्रत्येक सिस्टिमवर वेगळी आहेत. सांबाचे पासवर्ड उबुंटूच्या लॉगिन पासवर्डपेक्षा वेगळ्या ठिकाणी ठेवलेले असतात, त्यामुळे उबुंटूवर यूझर असला तरी सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए आणि पुढे यूझरनेम देऊन त्याला सांबाचा पासवर्ड वेगळा द्यावाच लागतो, आणि उद्या उबुंटूचा लॉगिन पासवर्ड बदललात तर सांबाचा आपोआप बदलेल असं धरून चालू नका. मॅकवर शेअर केलेलं असेल आणि विंडोजवरून जोडायचं असेल तर फाइल शेअरिंगच्या ऑप्शन्समधे विंडोज फाइल शेअरिंगखाली त्या यूझरपुढे टिक करून पासवर्ड एकदा टाकावा लागतो, हे टिक नसलं की पासवर्ड कितीही बरोबर असो, घेत नाही.

विंडोज सगळ्यात त्रासदायक. रोज पिनने किंवा चेहरा दाखवून लॉगिन करणाऱ्यांना वाटतं पिन हाच पासवर्ड, पण पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून कधीच चालत नाही. पासवर्ड रिकामा ठेवलेला अकाउंट असेल तर नेटवर्कवरून त्याला डिफॉल्टने बंदीच आहे. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर यूझरनेम म्हणून पूर्ण ईमेल आणि त्याचा पासवर्ड लागतो, सी ड्राइव्हवरच्या यूझर्समधे जे तुटकं नाव दिसतं ते टाकून चालेलच असं नाही. मला विचाराल तर या भानगडीत पडूच नका. विंडोजवर एक वेगळा लोकल यूझर बनवा, साधं इंग्रजी नाव, नीट पासवर्ड, अॅडमिन हक्क नाहीत, आणि तो फक्त शेअरिंगसाठी वापरा. तुमचा ईमेलचा पासवर्ड घरातल्या तीन मशीनवर सेव्ह करत फिरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, आणि कुणाला द्यायचा झाला तरी जिवाला घोर नाही.

विंडोजवरून जोडताना अजून एक खोडी, एकदा चुकीचं यूझरनेम सेव्ह झालं की ते परत परत तेच पाठवत राहतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमधे जाऊन त्या मशीनची जुनी नोंद काढा. आणि एरर १२१९ आला, की एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या यूझरनेमने जोडता येत नाही, तर नेट यूझ कमांडने चालू जोडण्या बघा आणि ती जोडणी /डिलीट लावून तोडा. घाई असेल तर नावाऐवजी आयपीने जोडा, विंडोजला तो वेगळा सर्व्हर वाटतो आणि जोडलं जातं.

पासवर्ड घेतला, फोल्डरचं नाव दिसलं, पण उघडत नाही किंवा फाइल सेव्ह होत नाही, तर परमिशन. इथे दोन चाळण्या असतात, एक शेअरची आणि एक डिस्कवरच्या फोल्डरची, आणि दोन्हीतून जे पार होईल तेवढंच मिळतं. विंडोजवर शेअरिंगच्या टॅबमधे एव्हरीवनला फुल कंट्रोल दिलं तरी सिक्युरिटीच्या टॅबमधे त्या यूझरला किंवा त्याच्या ग्रुपला हक्क नसेल तर काही मिळणार नाही. उबुंटूवर २१.०४ पासून होम फोल्डर इतरांना बंद असतं, त्यामुळे होमच्या आत एखादं फोल्डर सगळ्यांना खुलं करून शेअर केलं तरी दुसऱ्या यूझरला तिथपर्यंत जायला वाटच नसते. नेमआय -एल आणि पुढे फोल्डरचा पूर्ण पाथ असं टाका, वरपासून खालपर्यंत एकेका फोल्डरची परमिशन ओळीने येते आणि कुठे अडतंय ते लगेच दिसतं. होमची परमिशन सैल करत बसू नका, शेअरचं फोल्डर /एसआरव्ही मधे हलवा, ती जागा त्यासाठीच आहे. आणि डिस्क एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉर्मॅट) आहे म्हणून मॅकला लिहिता येत नाही असं कुणी म्हणालं तर ते डिस्क थेट मॅकला लावली तर खरं, नेटवर्कवरून नाही. नेटवर्कवर फाइल लिहिण्याचं काम समोरचं मशीन करतं, त्याची डिस्क कुठल्या फॉर्मॅटची याच्याशी मॅकला देणंघेणं नसतं.

आता यादीत दिसण्याचं. तुमच्याकडे जे दिसतंय ते अगदी अपेक्षेप्रमाणे आहे. हे म्हणजे एकाच वाड्यातली तीन माणसं दोन वेगळ्या भाषांत हाका मारतायत. मॅक हाक मारतो एमडीएनएसने, ज्याला अॅपलवाले बॉनजूर म्हणतात, उबुंटूवर अवाही नावाचा प्रोग्राम तीच भाषा बोलतो, म्हणून फाइंडरमधे उबुंटू आपोआप दिसतो. विंडोजचं नेटवर्क फोल्डर डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाच्या वेगळ्या पद्धतीने भरतं आणि ती ना सांबा बोलतो ना मॅक. म्हणून विंडोजमधे कुणी नाही आणि फाइंडरमधे विंडोज नाही. उबुंटूवर डब्ल्यूएसडीडी नावाचं छोटं पॅकेज टाका (नव्या उबुंटूवर डब्ल्यूएसडीडी-सर्व्हर), थोड्या वेळाने विंडोजमधे उबुंटू दिसायला लागेल. फायरवॉल चालू असेल तर यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७ ही पोर्टं उघडावी लागतील. तरी नाही आलं तर विंडोजच्या सर्व्हिसेसमधे फंक्शन डिस्कव्हरीच्या दोन सर्व्हिसेस चालू आहेत का बघा. मॅक विंडोजमधे दिसण्याची वाट बघू नका, आणि फाइंडरमधे विंडोज येण्याचीही. त्यासाठी एकदा आयपीने जोडून विंडोजवर मॅप ड्राइव्ह करा आणि मॅकवर कनेक्ट टू सर्व्हरच्या फेव्हरिट्समधे टाकून ठेवा.

पण मग आयपी बदलून चालणार नाही. राउटरमधे डीएचसीपी रिझर्व्हेशन करा, म्हणजे त्या मशीनला नेहमी तोच अॅड्रेस. रिझर्व्हेशन मॅक अॅड्रेसवर चालतं आणि हल्ली मॅकओएस, विंडोज, फोन सगळेच खोटा बदलता मॅक अॅड्रेस दाखवू शकतात, तर मॅकबुकवर घरच्या वायफायपुरतं प्रायव्हेट वायफाय अॅड्रेस ऑफ किंवा फिक्स्ड करा आणि विंडोजवर रँडम हार्डवेअर अॅड्रेस बंद ठेवा. मॅकओएस सिकोइया किंवा पुढचं असेल तर बाहेरून टाकलेल्या अॅप्सना घरातलं नेटवर्क बघायला वेगळी परवानगी लागते, प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत लोकल नेटवर्क. फाइंडरला चालतंय आणि एखाद्या अॅपलाच चालत नाही असं झालं तर आधी तिथे बघा.

कॉपीच्या स्पीडसाठी एक आकडा पाठ करा. केबलवरून कॉपी होताना स्पीड सेकंदाला ११ ते १२ एमबीवर जाऊन चिकटला, वर सरकतच नाही, तर लिंक १०० मेगाबिटवर चालतेय. गिगाबिटवर तेच ११० च्या आसपास जायला हवं, डिस्क तेवढी जलद असेल तर. कारण बहुतेक वेळा केबल असते. १०० मेगाबिटला केबलमधल्या आठपैकी चारच तारा लागतात आणि गिगाबिटला आठही, त्यामुळे एखादी तार तुटली किंवा प्लगमधे नीट बसलेली नसली तरी नेट बंद पडत नाही, गपचूप १०० वर येतं आणि वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं. उबुंटूवर एथटूल आणि कार्डाचं नाव दिलं की स्पीड लिहून येतो, विंडोजवर इथरनेटच्या प्रॉपर्टीजमधे लिंक स्पीड. केबल बदला, परत बघा. मधला स्विच किंवा राउटरचं पोर्टच १०० चं असू शकतं, तेही तपासा. वायफायवर मात्र असा ठोकताळा नाही, आणि दोन्ही मशीन वायफायवर असतील तर तोच डेटा हवेतून दोनदा जातो, एकदा राउटरपर्यंत आणि एकदा तिथून पुढे, म्हणजे स्पीड अर्धा झालाच. निदान फाइली ठेवलेला उबुंटू तरी केबलने जोडा, त्या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या राउटरने पडत नाही. शंका असेल तर दोन्हीकडे आयपर्फ ३ टाकून नुसतं नेटवर्क मोजा. ते जलद आलं आणि कॉपी हळू असेल तर दोष डिस्कचा, किंवा हजारो बारक्या फाइली एकेक करून जातायत त्याचा, तेव्हा झिप करून एकच मोठी फाइल पाठवा.

शेवटी त्या दुहेरी फाइली. मला वाटतं ज्या फाइली दोनदा दिसतायत त्यांच्या नावात दुसऱ्या, तऱ्हा, सुट्ट्यांच्या साऱ्या असला ऱ असणार, बघा बरं. युनिकोडमधे, म्हणजे कॉम्प्युटर ज्या पद्धतीने सगळ्या लिपींची अक्षरं साठवतो त्यात, ऱ दोन प्रकारे लिहिता येतो, एकच अक्षर म्हणून किंवा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशी दोन अक्षरं म्हणून, आणि स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. मॅकची जुनी डिस्क एचएफएस प्लस फॉरमॅटची असते आणि ती नाव सेव्ह करताना अशी अक्षरं नेहमी फोडून ठेवते. विंडोजवर टाइप केलेल्या नावात बहुधा एकच अक्षर असतं. उबुंटू नाव बाइट बाय बाइट बघतो, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं, म्हणून एकदा विंडोजवरून आणि एकदा मॅकच्या डिस्कवरून तीच फाइल आली की दोन प्रती. आधी दोन्हींची साइज आणि तारीख बघून खरंच सारख्या आहेत याची खात्री करा, जुन्या प्रती बाजूला काढा, मग उबुंटूवर कॉनव्हीएमव्ही टाकून, यूटीएफ ८ वरून यूटीएफ ८ आणि --एनएफसी (फोडलेली अक्षरं परत एक करणारा पर्याय) देऊन उरलेली नावं एकसारखी करा. ती कमांड नुसती दिली तर काय बदलेल तेवढं दाखवते, बदलत काही नाही, यादी वाचून पटली की --नोटेस्ट जोडून परत चालवायची. पुढे मॅकवरून आरसिंक (दोन मशीनवरची फोल्डर सारखी ठेवणारी कमांड) करणार असाल तर मॅकच्या बाजूने --आयकॉनव्ह मधे यूटीएफ-८-मॅक आणि यूटीएफ-८ द्या, म्हणजे नावं जातानाच जुळून जातील. मॅकसोबत येणाऱ्या आरसिंकमधे हा पर्याय नसेल तर होमब्रूमधून (मॅकवर असले प्रोग्राम टाकायची सोय) नवं टाकून घ्या.